काळजी करणं आणि काळजी घेणं

मी शिकले उर्दूत, शिकवते उर्दूत. घरात आम्ही बोलतो ती कोकणी मुसलमानांची बोली, आणि बाजारात, कचेरीत, बसमध्ये मराठी. अशा तीन भाषांच्या काठावर राहणाऱ्या माणसाला शब्दांतले फरक चटकन दिसतात. उर्दूत ‘फिक्र’ वेगळी आणि ‘एहतियात’ वेगळी. मराठीत या दोन्हींना एकच शब्द आहे, काळजी. फरक असतो तो क्रियापदात. ‘काळजी करू नकोस’ असंही आपण म्हणतो आणि ‘काळजी घे’ असंही म्हणतो. करायची काळजी माणसाला बसवून ठेवते. घ्यायची काळजी त्याला वाटेला लावते. शब्दांतला हा फरक मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले, पण तो अंगात मुरला तो पस्तिशी उलटल्यावर, रत्नागिरीकडच्या सड्यावर, जाड टायरच्या गिअरच्या सायकलीवर.

आमच्या गावात मुलगी सायकल चालवायची ती फार तर सहावीपर्यंत. मीही चालवली. दुकानातून तासाला दोन रुपये भाड्यानं सायकल आणायची, दांड्याखालून पाय घालून कैची मारायची आणि मशिदीमागच्या उतारावरून सुसाट यायचं. सातवीत गेल्यावर अम्मी म्हणाली, “आता पुरे.” का, असं विचारलं तर उत्तर एकच, “पडलीस, काही लागलं-सवरलं तर?”

या ‘लागलं-सवरलं’मध्ये काय काय येतं ते मला लग्नाच्या वयात कळलं. गुडघा फुटण्याची भीती त्यात सगळ्यात लहान होती. पायात दोष राहिला तर स्थळ कोण आणील, तोंडावर व्रण राहिला तर पाहुणे काय म्हणतील, आणि ज्याच्याविषयी कुणी मोठ्यानं बोलत नाही असं ‘आतलं’ काही झालं तर? त्या ‘आतल्या’ गोष्टीवरून कौमार्य ठरवण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. पण आमच्या आयांपर्यंत अशी पत्रकं कुठून पोचणार? माझे भाऊ मात्र आंब्यावरून पडले, होडीतून पडले, सायकलीवरून तर कितीदा पडले. त्यांचे व्रण आजही पाहुण्यांना कौतुकानं दाखवले जातात.

आमच्या घराण्यात माझ्या माहितीत तीन बायकांची हाडं मोडली. नानी न्हाणीघरात घसरली. फुफू माळ्यावरून नारळ उतरवताना शिडीवरून पडली. अम्मीचा खुबा मोडला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून. तिघी घरातच पडल्या. तिघी रोजचं काम करताना पडल्या. पण त्यानंतर कुणीही कुठल्याही बाईला म्हटलं नाही, की न्हाणीघरात जाऊ नकोस, नारळ काढू नकोस, स्वयंपाक करू नकोस. कामातलं पडणं नशिबाचं, आणि हौसेतलं पडणं तेवढं गुन्ह्याचं!

असं असलं तरी माझी स्वतःची भीती खोटी नव्हती. तिला नुसतं ‘समाजानं घातलेलं बंधन’ म्हणून हसण्यावारी नेणं मला जमत नाही. आमचे हे कतारमध्ये. वर्षातून एकदा, महिनाभरासाठी येतात. घरात सत्तरीच्या सासूबाई, दोन शाळकरी मुलं आणि मी. सकाळी डबे, दिवसभर शाळा, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंच्या गोळ्या. अम्मी सात महिने अंथरुणावर होती तेव्हा ते घर कसं विस्कटलं, हे मी पाहिलं होतं. मी पडले तर या घराचं काय, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी मीच स्वतःला विचारत होते.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत नणंदेचा मुलगा मुंबईला शिकायला गेला आणि त्याची सायकल आमच्या पडवीत आली. पुढं शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर आणि टायरला बोटाएवढे गुठळे. आमच्याकडे अशा सायकलीला सरसकट ‘रेंजर’ म्हणतात. शेजारच्या मराठी शाळेतल्या एक बाई सुट्टीच्या दिवशी सड्यावर सायकल घेऊन जातात हे मला ठाऊक होतं. केंद्राच्या बैठकीत आम्ही शेजारी बसतो. त्या एकदा घरी आल्या, पडवीतली सायकल त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, “ही भिंतीला टेकून कशाला ठेवलीय?”

ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीकाठच्या गावातून पाखाडी चढून वर गेलं की मैलोन् मैल सपाट, उघडा, काळपट जांभा पसरलेला असतो. झाड कमी, वारा भरपूर. लांबून तो सपाट वाटतो, पण चाकाखाली आला की कळतं. छिद्राछिद्रांचा खडबडीत कातळ, मध्येच लाल खडी, मध्येच गडगा, मध्येच गुरांची वाट. कडेला उतार, आणि त्या उतारावरून खाली कलमांच्या बागांत जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा. शिवाय जुन्या चिरेखाणी. चौकोनी, खोल, पाण्यानं भरलेल्या, आणि काठाला कसलंही कुंपण नसलेल्या.

पहिल्या दिवशी बाईंनी मला चालवू दिलंच नाही. सायकल उभी करून त्यांनी फक्त ब्रेक दाखवले. उजवा कुठला, डावा कुठला, पुढच्यात जोर किती असतो, एकटा पुढचा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून कसा उलटतो, आणि एकटा मागचा दाबला तर चाक खडीवर कसं घसरत जातं. दोन्ही एकदम, एकेका बोटानं, थोडे थोडे. हे मी सपाटीवर किती वेळा केलं असेल! मी म्हटलं, “बाई, आपण चालवायला शिकतोय की थांबायला?” त्या म्हणाल्या, “थांबता आलं की चालवता येतंच.”

पुढं या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ नीट लागला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, वजनदार, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावर जात आणि मातीच्या वाटेनं खाली सुटत. १९७६ पासून तिथं एका उतारावर शर्यती लागू लागल्या. त्या उताराचं नाव ‘रिपॅक’. कारण त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. एकदा उतरलं की तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून ते नाव! जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी सायकल घडवली. गॅरी फिशर आणि इतरांनी जुन्या सांगाड्यांना गिअर आणि चांगले ब्रेक बसवले. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ गेला तोवर सायकल पार बदलली होती. लोकांना वाटतं हा बेडर माणसांचा खेळ आहे. मला त्यात पदोपदी घेतलेली काळजी दिसते. उतारावरून सगळ्यात वेगानं जाणाऱ्या माणसांनीच ब्रेकचा विचार सगळ्यात जास्त केला.

मग एकेक गोष्ट शिकत गेले. उतार लागण्याआधी सीट खाली करायची. उतरताना सीटवर बसायचं नाही, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून त्यांवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं सैल, अंगाचा भार किंचित मागं. चढ येण्याआधी गिअर हलका करायचा, चढावर आल्यावर खटपट करायची नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. टायरमध्ये हवा दगडासारखी टणक भरायची नाही, थोडी कमी ठेवायची म्हणजे चाक कातळाला धरून राहतं. जून ते सप्टेंबर सड्यावर सायकल न्यायचीच नाही. तेव्हा कातळावर हिरवं शेवाळ धरतं आणि त्यावर माणूससुद्धा उभा राहत नाही. त्या दिवसांत तिथं सीतेची आसवं फुलतात. ती पायी जाऊन पाहावीत.

सगळ्यात अवघड गोष्ट होती ती नजरेची. वाटेत दगड दिसला की मी दगडाकडे बघायची आणि चाक नेमकं त्या दगडावरच जायचं. बाई ओरडायच्या, “दगड बघू नका, वाट बघा!” दगडाच्या बाजूनं जी हातभर मोकळी जागा असते तिकडे बघितलं की सायकल आपोआप तिकडे जाते. मला वाटतं, आम्हा बायकांना लहानपणापासून फक्त दगड दाखवले गेले. वाट त्याच्या शेजारीच होती.

भीतीचंही तसंच झालं. आधी ती एकच होती, सबंध, काळी, सड्याएवढी. सायकल चालवता चालवता तिचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याला उत्तर सापडत गेलं. ओढणी चाकात जाईल? ही भीती खरी, अगदी जिवावरची. त्यावर उपाय म्हणजे ओढणी घरी आणि डोक्याला सुती स्कार्फ, टाचणी न लावता, आत खोचलेला, म्हणजे त्यावर हेल्मेट नीट बसतं. शलवारीचा पायचा साखळीत अडकेल? घोट्याला रबर. डोकं फुटेल? हेल्मेट, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट. हात सोलवटतील? हातमोजे. चिरेखाण? तिच्या काठानं चालवायचंच नाही, उतरून सायकल हातानं न्यायची. मोबाईलला रेंज नाही? एकटीनं जायचं नाही. एवढं सगळं वजा केल्यावर जी भीती उरली तिचं नाव ‘लोक काय म्हणतील’ होतं. तिनं हाड मोडत नाही.

लोक म्हणालेच. “टीचरनं आता सर्कशीत जायचं ठरवलंय वाटतं.” सासूबाई म्हणाल्या, “हात-पाय मोडलंस तर पोरांना कोन बघनार गो?” हा प्रश्न टोमण्याचा नव्हता, म्हणून त्याला उत्तर देणं भाग होतं. कतारहून यांचा फोन आला. ते रागावले नाहीत. खूप वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तुला काही झालं तर मला इथून लगेच निघता यायचं नाही, एवढंच लक्षात ठेव.” परदेशात राबणाऱ्या माणसाची हतबलता त्या एका वाक्यात होती. आम्ही दोघांनी मिळून अटी ठरवल्या. आठवड्यातून दोनदाच, बाईंच्या सोबतीनं, असरच्या अजानआधी घरात, आणि हेल्मेटशिवाय पडवीच्या बाहेर नाही. सासूबाईंना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “उंट बांधूनच मग अल्लाहवर सोडायचा, असं सांगतात. तू बांधलायस तर जा.”

आणि मी पडले. २०२३ च्या जानेवारीत, चिरेखाणीकडे जाणाऱ्या उतारावर. ट्रकमधून सांडलेली खडी वळणावर पसरली होती. चाक गेलं, आणि काय होतंय ते कळायच्या आत मी उजव्या कुशीवर होते. पडताना हात पुढे टाकला जातोच. तो शरीराचा स्वभाव आहे. म्हणून तर या खेळात मनगट आणि गळपट्टीचं हाड यांवरच जास्त बेततं. कोपर सोलवटलं, मनगट सुजलं, हातमोज्याचा तळवा फाटला. बाईंनी त्यांच्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. त्या दिवशी पायी घरी आले. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, पण मनगटाला पट्टा आला. खडूसुद्धा धरता येईना.

वीस-पंचवीस वर्षं जिची भीती घातली गेली होती ती गोष्ट एकदाची घडली होती. तिचं माप निघालं सहा दिवस. त्या सहा दिवसांत शेजारच्या खालानं तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या. माझ्या मुलीनं पहिल्यांदा भाताचं आधण ठेवलं. सासूबाईंनी स्वतःच्या गोळ्या स्वतः मोजून घेतल्या, आणि त्यांना ते येत होतं हे मला तेव्हा कळलं. वर्गात चौथीच्या मुली पाळीपाळीनं फळ्यावर लिहायच्या आणि मी खुर्चीत बसून सांगायची. घर थांबलं नाही. माझ्याशिवाय सगळं कोसळेल ही समजूतही त्या काळजीतलीच एक होती, आणि खरं सांगायचं तर थोडी लाडकीही होती.

याचा अर्थ पडण्यात काहीच नसतं, असा मी काढत नाही. मनगटाऐवजी खुबा असता, तर हा लेख वेगळा झाला असता किंवा झालाच नसता. ज्या डॉक्टरांनी मनगट पाहिलं त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सायकल हृदयाला चांगली, दमाला चांगली, पण नुसत्या सायकलीनं हाडं बळकट होत नाहीत. शरीराचं वजन हाडांवर पडलं पाहिजे. त्यासाठी चालावं, चढावं, ओझं उचलावं, आणि अंगाला ऊनही मिळावं. तेव्हापासून पाखाडी मी सायकल खांद्यावर घेऊन चढते. फुफू हसते आणि म्हणते, “गाढवावर बसायचं की गाढव पाठीवर घ्यायचं, ठरव एकदा.”

आमची शाळा सातवीपर्यंत. त्यापुढचं उर्दू हायस्कूल लांब आहे आणि एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. दरवर्षी दोन-चार हुशार मुली सातवीनंतर घरी बसतात. कारण विचारलं तर गरिबीचं नाव क्वचितच येतं. ‘वाट सुनी आहे’, ‘काही झालं तर’, हेच. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेला जोडून बायकांना सायकल शिकवण्यात आली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. पी. साईनाथ यांनी आपल्या १९९६ च्या पुस्तकात त्याविषयी लिहिलं आहे. लाखाच्या घरात बायका सायकलवर बसल्या, त्यांत तरुण मुसलमान बायकाही होत्या. लेडीज सायकली बाजारात मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच जास्त सोयीच्या वाटल्या, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. २००६ मध्ये बिहार सरकारनं नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि त्यामुळे माध्यमिक शाळेतल्या मुली वाढल्या हे पुढं अभ्यासकांनी मोजून दाखवलं. सुन्या वाटेवर एक मुलगी निघाली तर वाट सुनीच राहते. दहा निघाल्या तर राहत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आता सहावी-सातवीच्या मुलींना मैदानात सायकल शिकवते. आयांना विचारून, त्यांना समोर बसवून. पहिल्या दिवशी एका मुलीनं विचारलं, “टीचर, पडल्यावर किती दुखतं?” इतका सरळ प्रश्न मला कोणी केला नव्हता. मी बाही वर करून कोपराचा व्रण दाखवला आणि म्हटलं, “दोन दिवस खूप, चार दिवस थोडं, मग खाजतं.” तिनं व्रणावरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि सायकल हातात घेतली. बायकांचे व्रण दाखवायची आमच्याकडे रीत नव्हती, ती आता पडायला हरकत नाही. मुलींना मी आधी ब्रेक शिकवते.

सड्यावर ठिकठिकाणी कातळशिल्पं आहेत. माणसं, मासे, हत्ती, कुणी किती हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलेले. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. लहानपणी याच सड्याच्या पायथ्याशी राहून मी त्यांतलं एकही पाहिलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बाई, मी आणि माझी मुलगी उक्षीचा हत्ती बघायला गेलो. शिल्पाच्या बरंच अलीकडे सायकली ठेवल्या आणि पायी गेलो. कोरलेल्या कातळावर चाक न्यायचं नसतं, हीही काळजीच.

परतताना बागेकडे उतरणारी एक वाट लागली. चिंचोळी, मध्ये दोन पायऱ्यांसारखे कातळ, शेवटी डावं वळण. मी ती अजून उतरलेली नाही, दरवेळी पायी येते. मुलगी चौदा वर्षांची आहे. ती म्हणाली, “अम्मी, मी जाऊ?” माझ्या घशात अम्मीचं ते वाक्य, ‘लागलं-सवरलं तर’, अख्खं तयार होतं. मी खाली वाकले, तिच्या पुढच्या चाकाची क्विक रिलीज तपासली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, हेल्मेटच्या पट्ट्यात बोट घालून तो घट्ट आहे ना ते बघितलं. मग पायी उतरून वळणाच्या खाली जाऊन उभी राहिले आणि तिला हाक मारली, “वळणाच्या आधी ब्रेक. माझ्याकडे बघ, दगडाकडे नको.”